स्क्रीनवरची उमेदवारी

किराणा दुकानाच्या काउंटरवर गिऱ्हाइकाने क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला, खात्यातून ३४० रुपये वजा झाल्याचा बँकेचा एसएमएसही आला. दुकानातला साउंडबॉक्स मात्र गप्प. फोनवर पिवळं वर्तुळ फिरतंय आणि खाली एकच ओळ आहे : व्यवहार प्रक्रियेत आहे. मागे रांग वाढत चाललीय. पैसे पुन्हा भरायचे की थांबायचं? आधीचे गेले कुठे? परत येणार का, आणि येणार तर कधी?

ही स्क्रीन कुणीतरी आखलेली असते. त्यावरची ओळ कुणीतरी लिहिलेली असते, पिवळा रंग कुणीतरी निवडलेला असतो. आणि असं काम पुष्कळदा कंपनीतल्या सर्वांत नव्या व्यक्तीच्या वाट्याला येतं. डिझाइनच्या शेवटच्या किंवा त्याआधीच्या वर्षात शिकणारी, काही महिन्यांपुरती रुजू झालेली ही इंटर्न. तंत्रज्ञान कंपन्यांत तिच्या पदाचं नाव असतं 'प्रॉडक्ट डिझाइन इंटर्न'. इथलं प्रॉडक्ट म्हणजे ॲप किंवा वेबसाइट. वापरणाऱ्याने सुरुवात कुठून करायची, कुठल्या क्षणी त्याला काय दिसायचं, चूक झाली तर मागे कसं फिरायचं, ही सगळी आखणी डिझाइनमध्ये येते.

बाहेरून हे काम रंगीबेरंगी दिसतं. काचेचं ऑफिस, मोठा मॉनिटर, भिंतभर चिकटवलेल्या नोट्स. खरी उमेदवारी मात्र ॲपच्या कडेला पडलेल्या, कुणी फारसं लक्ष न दिलेल्या स्क्रीनवर होते. त्या स्क्रीनच्या पलीकडे बसलेल्या माणसापर्यंत इंटर्नला पोचू दिलं जातं का, यावर तिची इंटर्नशिप कारणी लागली की वाया गेली हे ठरतं.

कडेच्या स्क्रीन

पहिला आठवडा ओळखीपाळखीत जातो. लॅपटॉप, ईमेल, गोपनीयतेच्या करारावर सही, स्क्रीन आखायच्या 'फिगमा' या सॉफ्टवेअरमधल्या फाइल्सचा ॲक्सेस. मग कंपनीची 'डिझाइन सिस्टिम' समजून घ्यायची : कुठला निळा, कुठला राखाडी, बटणाची उंची किती, दोन ओळींमध्ये जागा किती. कॉलेजात प्रत्येक प्रोजेक्टला नवा रंग, नवा फॉन्ट निवडायची सवय लागलेली असते. इथे तयार कॉम्पोनंट उचलून वापरायचे, आणि नवा करायचाच असेल तर तो का हवा हे चार जणांना पटवून द्यायचं. सकाळी स्टँड-अपमध्ये काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय हे दोन वाक्यांत सांगायचं. ठरलेल्या दिवशी क्रिटीक : आपलं अर्धवट काम सगळ्यांसमोर उघडायचं आणि प्रश्न झेलायचे.

ॲपचा मुख्य रस्ता, ज्याला या धंद्यात 'हॅपी फ्लो' म्हणतात, सीनिअर मंडळींनी आधीच बांधलेला असतो. सगळं सुरळीत चाललं तर माणूस त्या रस्त्याने जातो. उरतात ते आडवळणाचे प्रसंग : ओटीपी आलाच नाही, मध्येच नेट गेलं, यादी रिकामी आहे, फॉर्म अर्धा भरून फोन वाजला, पैसे अडकले. यांना 'एज केस' म्हणतात. इंटर्नकडे बऱ्याचदा तेच सोपवले जातात, आणि शिकायला त्यांच्याइतकं दुसरं काही मिळत नाही.

ते पिवळं वर्तुळच घ्या. कुठल्याही नवख्या डिझायनरचा पहिला प्रयत्न सजावटीचा असतो. वर्तुळाऐवजी एखादं छान चित्र, मऊ रंग, धीर देणारं वाक्य. क्रिटीकमध्ये मेंटॉर एकच प्रश्न विचारतो : पैसे आत्ता कुठे आहेत? त्याचं उत्तर फिगमात सापडत नाही. त्यासाठी उठून डेव्हलपरकडे जावं लागतं, मग कस्टमर सपोर्टकडे, मग कायद्याचं बघणाऱ्यांकडे.

यूपीआयचा व्यवहार ॲप, पैसे देणाऱ्याची बँक, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची यंत्रणा आणि पैसे घेणाऱ्याची बँक अशा टप्प्यांतून जातो. एखाद्या टप्प्यावरून वेळेत उत्तर आलं नाही, तर ॲपला 'झालं' असंही म्हणता येत नाही आणि 'फसलं' असंही म्हणता येत नाही. अशा व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदती घालून दिल्या आहेत. एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेले पैसे खात्यात जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर एका दिवसात ते आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला व्यवहाराची खातरजमा मिळाली नाही, तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई.

हे कळल्यावर स्क्रीन बदलायला लागते. 'प्रक्रियेत आहे' ही ओळ जाते. तिच्या जागी येतं : तुमच्या खात्यातून ३४० रुपये वजा झाले आहेत. दुकानदाराला ते मिळालेले नाहीत. अमुक तारखेपर्यंत परत येतील. 'पाच दिवसांत' न लिहिता थेट तारीख लिहिली, म्हणजे काउंटरवर घाईत उभ्या माणसाला बोटं मोजावी लागत नाहीत. खाली बारा आकडी संदर्भ क्रमांक आणि तो कॉपी करायचं बटण, कारण बँकेला फोन केला की सर्वांत आधी तोच विचारतात. 'पुन्हा पैसे भरा' हे ठसठशीत बटण वरून काढून खाली छोटं केलं जातं, नाहीतर गोंधळलेला माणूस तेच दाबतो आणि पैसे दोनदा जातात.

फाइल डेव्हलपरकडे जाते आणि तो दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवतो. दुकानदाराला पैसे मिळाले नाहीत, हे आपल्याला कुठे माहीत आहे? आपल्याला फक्त उत्तर आलेलं नाही. ते वाक्य खोटं ठरू शकतं. मग पुन्हा लिहायचं : दुकानदाराला पैसे मिळाल्याची खात्री अजून झालेली नाही. तिसरं वाक्यही त्यामुळे बदलतं : त्यांना मिळाले नसतील, तर अमुक तारखेपर्यंत तुमच्या खात्यात परत येतील. हे सगळं छोट्या फोनच्या अर्ध्या स्क्रीनमध्ये, मोठा फॉन्ट लावणाऱ्या आजोबांनाही वाचता येईल असं बसवायचं. तीन वाक्यांसाठी आठवडा जातो आणि तो सत्कारणी लागलेला असतो.

कारण पसारा अफाट आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या मासिक व्यवहारांनी १,००० कोटींचा टप्पा ओलांडला, ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींचा. त्यातला हजारात एक व्यवहार अडकतो असं नुसतं धरून चाललं, तरी महिन्याला दोन कोटी वेळा कुणीतरी त्या पिवळ्या वर्तुळाकडे बघत उभं असेल.

लोटा, पवई आणि कापली जाणारी मात्रा

भारतात डिझाइनचं शिक्षण सुरू झालं तेव्हा स्क्रीनचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतले डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स केंद्र सरकारच्या निमंत्रणावरून देशात फिरले आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. आपल्याकडच्या वस्तूंपैकी त्यांना सर्वांत थोर वाटला तो साधा लोटा. असा लोटा आज नव्याने घडवायचा तर काय काय विचारावं लागेल, याची लांबलचक यादीच त्यांनी मांडली. पाणी किती मावायला हवं, उचलणारे हात केवढे, तो डोक्यावरून न्यायचा की कमरेवर, रिकामा असताना तोल कसा आणि भरल्यावर कसा, ओतताना आणि घासताना काय होतं, किंमत काय पडेल. पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली आणि १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं आयडीसी.

आज या संस्थांतून आणि पुण्या-बेंगळुरूच्या डिझाइन कॉलेजांतून बाहेर पडणारी कितीतरी मुलं लोटा किंवा खुर्ची न घडवता ॲप घडवतात. प्रश्नांची यादी मात्र त्याच जातीची आहे. फोन एका हातात आहे की दोन्ही? दुसऱ्या हातात भाजीची पिशवी आहे का? ऊन स्क्रीनवर पडतंय का? अंगठा पोचतो कुठवर? बोटाला नेमकं लागेल असं बटण किती मोठं हवं, याचं उत्तर ॲपल आणि गूगलच्या मार्गदर्शिकांत अनुक्रमे ४४ आणि ४८ एकक असं लिहिलेलं आहे. राखाडी अक्षर पांढऱ्यावर वाचता यावं यासाठी रंगांमध्ये किमान ४.५ : १ एवढा फरक हवा, हे वेबच्या सुगम्यता निकषांत आहे. इंटर्न या आकड्यांशी लवकरच परिचित होते.

मराठी वाचणारी इंटर्न टीममध्ये असेल, तर तिला आणखी एक गोष्ट दिसते, जी इतरांच्या नजरेतून निसटते. बहुतेक ॲप आधी इंग्रजीत आखली जातात. अक्षरांच्या उंचीपुरतीच जागा धरून बटण बनवलेलं असतं. त्यात देवनागरी मजकूर ओतला की वरचा रफार किंवा अनुस्वार कापला जातो, खालचा उकार बटणाच्या कडेत बुडतो, 'द्ध' आणि 'ट्र' यांचा ठिपका होतो. देवनागरीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं, ते वाढलं की बटण वाढतं, बटण वाढलं की त्याखालचा मजकूर स्क्रीनबाहेर जातो. एका मात्रेपायी सगळी स्क्रीन पुन्हा मांडावी लागते. भाषा येणारं कुणी त्या खोलीत नसेल, तर ते ॲप कापलेल्या मात्रांसह लाखो फोनवर जातं.

या बाबतीत पवईची पुण्याई मोठी आहे. आयडीसीत शिकवणारे अक्षरकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट घडवला आणि विंडोजवर मराठी वाचणाऱ्या पिढीने तो वर्षानुवर्षं पाहिला. पुढे तिथेच प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'स्वरचक्र' हा कीबोर्ड आणला. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याची बाराखडी भोवती चक्रासारखी उमलते आणि हव्या त्या अक्षराकडे बोट सरकवलं की ते उमटतं. शाळेत बाराखडी शिकलेल्या कुणालाही ते नव्याने शिकवावं लागत नाही.

दार कुणासाठी उघडलं

काही वर्षांपूर्वीपर्यंत या क्षेत्रात शिरायचं तर आधी मॅक विकत घ्यावा लागे. स्क्रीन आखण्यासाठी तेव्हा सर्रास वापरलं जाणारं 'स्केच' हे सॉफ्टवेअर मॅकवरच चालतं. ब्राउझरमध्ये चालणारं फिगमा सप्टेंबर २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि चित्र बदललं. विद्यार्थ्यांना ते फुकट मिळतं. कोल्हापूर-नांदेडमधल्या मुलीला जुन्या विंडोज लॅपटॉपवर तेच हत्यार वापरता येतं, जे सॅन फ्रान्सिस्कोतल्या कंपनीत वापरलं जातं.

फिगमा घडवणाऱ्यांपैकी डिलन फील्ड ब्राउन विद्यापीठात शिकत असताना फ्लिपबोर्ड या कंपनीत इंटर्न होता. शिक्षण सोडून त्याने इव्हान वॉलेसबरोबर २०१२ मध्ये काम सुरू केलं. २०२२ मध्ये अडोबीने फिगमा २,००० कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, डिसेंबर २०२३ मध्ये नियामकांच्या हरकतींमुळे तो व्यवहार मोडला आणि जुलै २०२५ मध्ये फिगमाचा शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आला. दुसरं उदाहरण ज्युली झुओ यांचं. त्या फेसबुकच्या पहिल्या इंटर्न. पुढे त्याच कंपनीत प्रॉडक्ट डिझाइनच्या उपाध्यक्ष झाल्या.

अशा कथा मुलांना तोंडपाठ असतात. त्यांच्या सावलीत दिसत नाही ती रोजची धडपड. इंटर्नशिप मिळवायची तर पोर्टफोलिओ हवा, पोर्टफोलिओत प्रत्यक्ष काम हवं, आणि प्रत्यक्ष काम मिळायला इंटर्नशिप हवी. मग पोरं लोकप्रिय ॲप स्वतःच्या मनाने नव्याने आखतात. ते दिसतं छान, पण कंपनीच्या अडचणी, जुना कोड, कायदे यांचा त्याला स्पर्श नसतो. भरती करणारे अनुभवी लोक त्याऐवजी छोटी, पण खरी गोष्ट शोधतात. गावच्या वाचनालयाचं देवघेव रजिस्टर, आईच्या बचत गटाचा हिशेब, कॉलेजच्या मेसची कूपनं. यात खरी माणसं, त्यांच्या खऱ्या सवयी आणि बिघडलेल्या गोष्टी असतात. आयआयटी मुंबईकडून घेतल्या जाणाऱ्या सीड आणि यूसीड या प्रवेश परीक्षांतही नुसतं चित्र काढता येणं पुरत नाही. निरीक्षण आणि प्रश्न उकलणं तिथे तपासलं जातं.

समोर बसलेला माणूस

इंटर्नशिपमधला सर्वांत अवघड तास कुठला? फोन समोरच्याच्या हातात देऊन गप्प बसण्याचा. 'युजर टेस्टिंग'चा नियम साधा आहे : काम सांगायचं, मदत करायची नाही. समोरची व्यक्ती चुकीचं बटण दाबते, मागे जाते, थबकते, पुन्हा तेच बटण दाबते. जे बटण इंटर्नने चार वेळा रंग बदलून ठळक केलं, त्याच्यावरून नजर सरळ खाली घसरते. शेवटी ती व्यक्ती ओशाळून म्हणते, मला यातलं काही कळत नाही हो. डॉन नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं : वस्तू नीट चालवता आली नाही की माणसं स्वतःला दोष देतात, खरा दोष आखणीचा असतो. नॉर्मन नंतर ॲपलमध्ये गेले आणि 'युजर एक्सपीरियन्स' हे शब्द आपल्या हुद्द्यात घेणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक ठरले.

अशा चाचणीला मोठा खर्च लागत नाही. याकोब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलेला हिशेब या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असतो : पाच जणांबरोबर बसलात तर अडचणींपैकी बहुतेक समोर येतात, पुढच्या माणसांकडून तेच तेच ऐकू येतं. पाच माणसं कुठल्याही कंपनीला परवडतात. तरीही अनेक ठिकाणी इंटर्नचा सगळा काळ ऑफिसातल्याच लोकांना स्क्रीन दाखवण्यात सरतो. ते सगळे तिच्याच वयाचे, तिच्यासारखेच फोन वापरणारे असतात.

कोण वगळलं जातं, याचं एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बँक खातं किंवा सिमकार्डसाठी डिजिटल केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रीने ते कसं करावं? जिला दिसत नाही, तिने चेहरा चौकटीत कसा आणावा? ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीची पद्धत बदलण्याचे निर्देश दिले. डोळे मिचकवण्याची ती पायरी कुणीतरी, कुठल्यातरी ऑफिसात आखली होती. तिथे अशी एक व्यक्ती चाचणीला बसली असती, तर इतक्या लोकांना खेटे घालावे लागले नसते.

'रद्द करा' कुठे आहे

इंटर्नला कधीतरी असंही काम येतं, जे तिला खटकतं. सबस्क्रिप्शन रद्द करायचा रस्ता लांब कर. 'नको' हे बटण फिकं कर. विम्याची खूण आधीच लावून ठेव. तिच्या हुद्द्याच्या माणसाला नाही म्हणणं सोपं नसतं, कारण शेवटी कायमच्या नोकरीची ऑफर मिळणार की नाही हे काम सांगणारेच लोक ठरवणार असतात.

आता तिच्या बाजूने कायदा आहे. अशा फसव्या आखणीला हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली आणि त्यात १३ प्रकार नोंदवले : खोटी घाई लावणं, गुपचूप टोपलीत वस्तू टाकणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, सबस्क्रिप्शनचा सापळा, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं वगैरे. अमेरिकेत ॲमेझॉनवर ग्राहकांना प्राइम सदस्यत्वात अडकवल्याचा आणि ते सोडणं अवघड केल्याचा खटला झाला. सदस्यत्व रद्द करण्याच्या लांबलचक वाटेला कंपनीत 'इलियड' या महाकाव्याचं नाव होतं, असं सरकारी तक्रारीत नमूद आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने २५० कोटी डॉलरवर तडजोड केली, दोष मान्य न करता. एका बटणाची जागा किती महागात पडू शकते, हे आता क्रिटीकमध्ये आकड्यानिशी सांगता येतं. प्रत्येक इंटर्नला पहिल्याच आठवड्यात त्या १३ प्रकारांची यादी हातात मिळायला हवी.

मेहनताना आणि उद्या

पैशाचं बोलायलाच हवं. डिझाइनच्या मुलांकडून मुलाखतीआधी घरी करायची असाइनमेंट मागवली जाते. ती काही दिवस खाते आणि तिचा मोबदला क्वचितच मिळतो. बेंगळुरू किंवा पुण्यात खोली, डबा, बस धरून तुटपुंज्या स्टायपेंडवर राहणं ज्यांना घरून पैसे येतात त्यांनाच झेपतं. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिन्याला ५,००० रुपये ठरले होते. मोठ्या शहरात तेवढ्यात खोलीचं भाडंही भागत नाही. बिनपगारी इंटर्नशिप चालू राहिली, तर ॲप आखणाऱ्या खोलीत एकाच थरातली मुलं बसतील आणि जुन्या फोनवर, तुटक नेटवर जगणाऱ्या माणसाची अडचण त्यांच्या कानावर कधी पडणार नाही.

त्यात आता एआय आलं. चार वाक्यं लिहिली की चालतं-बोलतं प्रोटोटाइप हजर होतं. फिगमानेही २०२५ मध्ये तशी सोय आणली. बटणं मांडण्याचं, एकाच स्क्रीनच्या दहा आवृत्त्या करण्याचं जे काम इंटर्न करत, ते मिनिटांत होतं. पण पैसे आत्ता कुठे आहेत हा प्रश्न घेऊन डेव्हलपरकडे जाणं, सपोर्टच्या मुलीला लोक नेमकं काय विचारतात हे ऐकणं, दुकानदाराच्या काउंटरशी उभं राहून बघणं, हे काम शिल्लक आहे. नवख्यांना तिथे पाठवण्याऐवजी कंपन्या त्यांना घेणंच थांबवू लागल्या, तर पाच वर्षांनी सीनिअर डिझायनर कुठून येणार?

दिवाळीची सुट्टी संपली की उन्हाळी इंटर्नशिपची शोधाशोध सुरू होते. ऑफर हातात आली की मुलांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काही गोष्टी संकोच न करता लेखी विचारून घ्याव्यात. स्टायपेंड किती आणि दर महिन्याला मिळणार का? मेंटॉर म्हणून नेमकी कोण व्यक्ती असेल आणि ती आठवड्यातून किती वेळ देईल? केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवता येईल का, आणि गोपनीयतेचा करार त्याला कुठवर आड येतो? ॲप वापरणाऱ्या माणसांना भेटायला मिळेल का, आणि कितव्या आठवड्यात? शेवटच्या प्रश्नाला जी कंपनी तारखेसह उत्तर देते, तिथे स्टायपेंड थोडा कमी असला तरी जावं.